पडवीतला कुंभार्ली : एका पावसाळ्याच्या नोंदी

१८ मे २०२५, रविवार

सायकल माळ्यावरून खाली आली. आईने शिडी धरली होती. "एवढ्या जपून कधी गौर घरात आणली नाहीस," हे वर ऐकून घेतलं.

चार वर्षं ती माळ्यावर होती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा आम्ही तिथेच तळमजल्यावर भाड्याने राहत होतो. माणसं वरच्या मजल्यावर गेली, सायकल खालीच राहिली. पाणी ओसरल्यावर नळीने धुतली, वरवर तेल पाजलं आणि "सवडीने बघू" म्हणून इथे टेपावरच्या जुन्या घरात आणून टाकली. सवड मिळायला आजचा दिवस उजाडला.

आजची अवस्था : फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची, ती ठीक. चेन गंजून सळईसारखी ताठ. दोन्ही टायरना चिरा. मागचं चाक फिरवलं की जातं दळल्याचा आवाज. पुढचे ब्रेक शू दगड झालेत. सीटच्या कातड्यावर चिखलाची रेघ अजून दिसते, पाणी किती चढलं होतं त्याची.

हेतू आत्ताच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे सोयीने बदलता येणार नाही. पाऊस संपला की पोफळीपासून चिपळूण-कराड रस्त्यावरचा कुंभार्ली घाट वरपर्यंत, पाय न टेकता. २०१९ मध्ये गेलो होतो तेव्हा तीनदा टेकला. तेव्हा वय ४०, आता ४६. वजन तेव्हा ७१, आता ७८.

२५ मे, रविवार

ठरवलं होतं की मृगापर्यंत, म्हणजे ७-८ जूनपर्यंत, रोज पहाटे रस्त्यावर जायचं. मोसमी पाऊस काल केरळात पोचला आणि आज तळकोकणात दाखल झाला. मे महिना संपायचाय अजून! सायकल अजून खिळखिळीच आहे आणि रस्ता चार महिन्यांसाठी बंद.

पावसात सायकल चालवणारे आहेत, मला ठाऊक आहे. मी नाही त्यातला. खड्ड्यात पाणी भरलं की तो चार इंचाचा की फुटाचा हे आत जाऊनच कळतं, आणि मागून येणाऱ्या ट्रकला माझा चष्मा धुकटलाय हे कळत नाही. म्हणून पडवी. ट्रेनर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवता येईल असा ठोकळा, लावायचा आणि तिथेच पाय चालवायचे.

२९ मे, गुरुवार

ट्रेनर कुठला, यावर तीन दिवस डोकं खाजवलं. लोखंडी रोलरवर तोल सांभाळत चालवायचं हा एक प्रकार. पडवीला एका बाजूने पायऱ्या आहेत, म्हणून बाद. मागचं चाक काढून सायकल थेट यंत्रावर बसवायची हा दुसरा. आकडे खरे दाखवतो, मोबाइलच्या पडद्यावरच्या रस्त्याला चढ आला की आपोआप जड होतो, पण किंमत माझ्या सायकलीपेक्षा जास्त आणि वीज लागते. आमच्याकडे पावसाळ्यात वीज ही पाहुणी असते.

तिसरा फ्लुइड ट्रेनर. मागचं चाक एका छोट्या रोलरवर टेकतं, रोलरला जोडलेल्या डबीत तेलकट द्रव आणि त्यात पंखा. वेग वाढवला की विरोध झपाट्याने वाढतो. वायर नाही, वीज नाही. कराडच्या एका जुन्या सहकाऱ्याने लॉकडाउनमध्ये घेतलेला पडून होता, ६,५०० ला दिला. एसटीने आला. कंडक्टरने विचारलं, "मास्तर, हे काय, शिलाई मशीन?"

१ जून, रविवार

आज सायकल पूर्ण उघडली. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला शिकवतो, तेव्हा हत्यारांची वाण नाही; पण संस्थेचं हत्यार घरी आणायचं नाही हा नियम मी मुलांना सांगतो, म्हणून मलाही लागू. सगळं घरच्या पेटीतलं. गेल्या बॅचची दोन मुलं हौसेने आली.

मागचा हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, उघडला. आत ग्रीस नव्हतंच, वाशिष्ठीचा गाळ होता, वाळून खडू झालेला. डिझेलमध्ये धुतला. प्रत्येक बाजूला पाव इंची ९ छर्रे; जुने सगळे डाग पडलेले, नवे टाकले. छर्रे ज्यात फिरतात त्या कपात खड्डे नाहीत, हे नशीब. छर्रे आतून दाबून धरणारा शंकू, त्याला कोन म्हणतात; त्यावर एका जागी बारीक खरवड आहे, चालेल. पुढच्या हबात छर्रे लहान, ३/१६ इंची, बाजूला १० प्रमाणे. कोन आवळताना अंगठ्याने दांडा फिरवून बघायचा : खेळ राहू नये आणि खरखरही लागू नये. चाक सायकलला आवळलं की दांडा किंचित दबतो, म्हणून टेबलावर केसभर ढिला ठेवतात. हे मुलांना दाखवलं. पुस्तकात वाचून कळत नाही, बोटाला कळतं.

तळाचा बेअरिंगचा संच, म्हणजे ज्यावर क्रँक फिरतात तो, निघेना. एक मुलगा पाइप लावून अंगचं सगळं बळ देत होता, मी दुसरीकडे चाक तारांवर किती वाकडं फिरतं ते बघत होतो. पाच मिनिटांनी लक्ष गेलं : तो उजव्या बाजूचा कप डावीकडे फिरवत होता. उजव्या बाजूचे आटे उलटे असतात! पायडल मारताना तो कप सुटू नये म्हणून. म्हणजे गडी पाच मिनिटं तो कप जीव खाऊन आवळत होता. चूक माझी, आधी सांगायला हवं होतं. शेवटी रात्रभर गंजतेल सोडून ठेवलं.

२ जून

निघाला. आत पाव वाटी गाळ. नवा ६८ मिमीचा सीलबंद संच बसवला, आट्यांना भरपूर ग्रीस लावून.

८ जून, रविवार

पहिली बैठक. पडवीच्या पश्चिमेला झापं बांधली, तरी झड आत येतेच. मागच्या टायरमध्ये १०० पीएसआय हवा, रोलर टायरला टेकल्यापासून नॉब दोन फेरे आवळला. मागच्या चाकाचा मूळ क्विक रिलीज, म्हणजे चाक आवळणारा खटक्याचा दांडा, काढून ट्रेनरबरोबर आलेला लोखंडी लावला. मूळच्याची टोकं ट्रेनरच्या दाढेत नीट बसत नाहीत, आणि निसटला तर सायकल तशीच आडवी.

आई तांदूळ निवडत बसली होती. दहा मिनिटं बघून म्हणाली, "काय रे, बसल्या जागी सायकल मारतोस, नि पोचतोस कुठे?"

२४ मिनिटांत उतरलो. पाय ठीक होते. बूड दुखत होतं आणि डोकं तापलं होतं.

१५ जून, रविवार

या आठवड्यात चार बैठका, सगळ्यात लांब ३५ मिनिटं. २०१९ मध्ये मी गुहागरला जाऊन परत यायचो आणि आता अर्धा तास होत नाही, याचं नवल वाटत होतं. मग लक्षात आलं. रस्त्यावर पाय सतत फिरत नसतात. उतार आला, वळण आलं, गाय आडवी आली, कोणी हात केला, पाय थांबले. सीटवरून बूड उचललं जातं, हँडलवरचे हात बदलतात, आणि आपल्याला पत्ताही नसतो. पडवीत यातलं काही नाही. पाय थांबवले की दहा सेकंदांत चाक थांबतं. ट्रेनरवरचा तास हा अख्खा तास असतो, सोललेला.

दुसरी गोष्ट, सायकल जखडलेली. रस्त्यावर प्रत्येक पायडलला ती खाली डावी-उजवी डुलते, इथे मागचा दांडा चिमट्यात आणि डुलणारा भाग फक्त माझं कंबरडं. बूड दुखण्याचं मूळ तिथे आहे. ट्रेनरखाली डुलणारी फळी लागेल. बाजारात मिळते, पण साधी फळीही आयटीआयचा मास्तर विकत घेणार असेल तर त्याने राजीनामा द्यावा.

२२ जून, रविवार

फळी, दिवस पहिला. सुताराकडे बीडब्ल्यूपी ग्रेडचा, म्हणजे पाण्यात न फुगणारा, १८ मिमी प्लाय उरला होता. ५ फूट × २ फूट असे दोन तुकडे काढले. साधा प्लाय कोकणातल्या पडवीत एका पावसात पापडासारखा फुगतो, त्यात काटकसर नको.

रचना अशी. खालची फळी जमिनीवर. तिच्यावर मधोमध, लांबीच्या दिशेने, पुढे एक आणि मागे एक पिलो ब्लॉक बेअरिंग, म्हणजे पायावर बसवलेलं, २० मिमी भोकाचं. त्यातून २० मिमी ब्राइट बार, म्हणजे गुळगुळीत लोखंडी दांडा. बार वरच्या फळीला खालून लाकडी खोबणी आणि यू-बोल्टने पक्का. म्हणजे वरची फळी होडीसारखी डावी-उजवी कलते, पुढेमागे हलत नाही. दोन फळ्यांच्या मध्ये दोन्ही बाजूंना स्प्रिंग म्हणून टेनिसचे चेंडू. चेंडू साधारण साडेसहा सेंटिमीटरचा. दोन फळ्यांतलं अंतर पट्ट्या घालून ६ सेंटिमीटर ठेवलं, म्हणजे चेंडू आधीच थोडे दबलेले राहतात.

चेंडू मुलाच्या क्रिकेटच्या पिशवीतले. त्याला अजून सांगितलेलं नाही.

२९ जून, रविवार

चढून बसलो आणि हळूच, एखाद्या झाडासारखा, डाव्या अंगाला कलंडलो. कोपर भिंतीला लागलं. हिने आतून विचारलं, "अहो, काय पडलं?" मी म्हणालो, फळी. अगदीच खोटं नव्हतं.

संध्याकाळी कागद घेऊन बसलो. मी आणि सायकल मिळून ९० किलो, गुरुत्वमध्य आसापासून जवळजवळ मीटरभर वर. ५ अंश जरी कललो तरी पाडणारा जोर ७७ न्यूटन-मीटर. चेंडू मी आसापासून १५ सेंटिमीटरवर बसवले होते, दोन्हीकडे एकेक. पहिला विचार आला, चेंडू वाढवावेत. पण बाजूला सरकवले तर? फळी कलली की लांबचा चेंडू जास्त दबतो, शिवाय त्याची तरफही लांब. म्हणजे फायदा अंतराच्या वर्गाने. १५ वरून २५ वर नेला तर तोच चेंडू पावणेतीनपट ताठ. नव्या चेंडूला पैसे नकोत, दोन भोकं पाडली की झालं.

१ जुलै

२५ सेंटिमीटरवर, एकेकच चेंडू. उभी राहिली! उजवा पाय दाबला की फळी किंचित उजवीकडे, मग परत. सीटवरून उठून चालवतानाही हँडल डावी-उजवी झुलवता येतं. ४८ मिनिटं बसलो आणि बुडाची आठवण चाळिसाव्या मिनिटाला झाली.

मुलाला कळलं. दोन नवे चेंडू आणून द्यायचे ठरले, हलके नाही, जड.

६ जुलै, रविवार

मोजणी. वीस मिनिटं जमेल तितक्या जोराने, पण शेवटपर्यंत टिकेल अशा बेताने, चालवायचं आणि सरासरीच्या ९५ टक्के धरायचे. माणूस साधारण तासभर टिकवू शकेल त्या जोराचा तो अंदाज. चाकावरचा सेन्सर वेग सांगतो, या ट्रेनरच्या वेगाला किती वॅट हे मोबाइलमधलं अ‍ॅप सांगतं. म्हणजे ते माप अंदाजाचंच. टायरमधली हवा कमी-जास्त, रोलर आवळलेला कमी-जास्त, डबीतला द्रव थंड की तापलेला, प्रत्येकाने आकडा हलतो. म्हणून नियम : दर वेळी १०० पीएसआय, दोन फेरे, आधी दहा मिनिटं चालवून डबी गरम. मग आकडा खोटा असला तरी दर वेळी सारखाच खोटा.

सरासरी १५२. म्हणजे १४४ वॅट.

घाटाच्या पायथ्याशी पोफळी-अलोऱ्याला डोंगराच्या पोटात कोयनेची वीजघरं आहेत. कोयनेचा सगळा प्रकल्प मिळून १,९६० मेगावॅट. माझ्यासारखे एक कोटी छत्तीस लाख गडी पडवीत बसवले तर तेवढी वीज होईल, एक तासापुरती. नंतर सगळे चहा मागतील.

घाटाचा हिशेब. सोपं जावं म्हणून ५०० मीटर चढ धरला. मी ७८, सायकल १२, पाणी आणि हत्यारं २, एकूण ९२ किलो. तेवढं वजन तेवढ्या उंचीवर तासाभरात न्यायचं तर नुसत्या गुरुत्वाला १२५ वॅट. टायर, वारा, चेन यांचे वीसेक. बेरीज १४५. माझ्याकडे १४४. कागदावर जेमतेम, म्हणजे घाटात नापास. कारण घाट एकसारखा चढत नाही, वळणावर अंगावर येतो.

यातून आणखी एक कळलं. १ किलो कमी झालं की फक्त १.४ वॅट वाचतात. हलकी चाकं, हलकी सीट, कार्बनचा दांडा असलं मी रात्री मोबाइलवर बघत असतो. सगळं घेऊन सायकल दीड किलोने हलकी होईल आणि खिसा त्याहून जास्त. माझ्या पोटावर फुकटातले चार-पाच किलो पडून आहेत.

१९ जुलै, शनिवार

लाईट गेली. ट्रेनरला वीज लागत नाही म्हणून मी मोठ्या दिमाखात सुरू केलं. पंखा बंद. बाविसाव्या मिनिटाला डोळ्यांपुढे काजवे, उतरलो आणि पायरीवर डोकं खाली घालून बसलो. आईने कोकमचं सरबत दिलं, मीठ जरा जास्त घालून. एक अक्षर बोलली नाही, त्याचाच त्रास जास्त झाला.

२७ जुलै, रविवार

परवाच्या प्रकाराने डोकं चालू झालं. शरीर हे काही फार चांगलं इंजिन नाही. पायडलवर १५० वॅट पोचवायचे तर आत साधारण ६५० जळतात, उरलेले ५०० नुसती उष्णता. पाचशे वॅटची शेगडी पोटात घेऊन बसल्यासारखं. रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरचा वारा आपोआप लागतो, पडवीत सायकल जागच्या जागी, वारा शून्य.

शरीराकडे उपाय एकच, घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. तासाभराच्या ५०० वॅटना, म्हणजे १,८०० किलोज्यूलना, पाऊण लिटर पुरावा. अट एवढीच की तो अंगावर वाळला पाहिजे. जुलैत आमच्याकडे दोरीवरची चड्डी तीन दिवस वाळत नाही, तिथे घाम कसला वाळतो! टपकून खाली गेलेला घाम फुकट गेला, त्याने अंग थंड होत नाही.

आज मोजलं. आधी वजन ७६.९, तासाभराने पंचा गुंडाळून परत काट्यावर ७५.८, मध्ये अर्धा लिटर पाणी प्यायलो. म्हणजे घाम १.६ लिटर, गरजेच्या दुप्पट, आणि निम्म्याहून जास्त प्लायवर.

उपाय : टेबल फॅन हटवला. लग्नकार्यात लावतात तसला फर्राटा पंखा आणला, दोन पावलांवर, छातीच्या रोखाने. आवाज विमानासारखा. फरक पहिल्याच दिवशी : त्याच १३० वॅटला शेवटच्या दहा मिनिटांत नाडी १५८ ऐवजी १४६. पाय तेच, गडी तोच. मी दोन महिने दमत होतो ते बरंचसं उकाड्याने, आणि दोष पायांना देत होतो.

पंख्याच्या सर्किटला आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच तोडणारा स्विच, आहे का हे आधी तपासलं. ओलं अंग, ओली फरशी आणि लोखंडी पंखा. नव्हता, बसवला. ट्रेनर घेणाऱ्यांच्या याद्यांत चटई, टॉवेल, बाटली सगळं असतं, हे नसतं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन करून आल्यावर सायकल पुसायला घेतली आणि धक्काच बसला. हँडल धरून ठेवणाऱ्या स्टेमचे चारही बोल्ट लाल. पुराने जे चार वर्षांत केलं नाही ते माझ्या घामाने दोन महिन्यांत केलं. हँडलची पट्टी उकलली, आत अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी बुरशीसारखी पूड. खारट घाम हँडलवरून ओघळून थेट हेडसेटमध्ये, म्हणजे हँडल ज्यावर वळतं त्या बेअरिंगमध्ये, जातो.

बोल्ट बदलले, स्टेनलेस. वरचं बेअरिंग धुऊन ग्रीस. यापुढे पंचा हँडलपासून सीटपर्यंत पसरून मगच बसायचं आणि उतरल्यावर ओल्या फडक्याने सगळी सायकल पुसायची, कंटाळा आला तरी. महागडी सोय मिळते यासाठी, पण पंच्यासारखं घाम पिणारं कापड जगात दुसरं नसेल.

टायरचंही तेच. रोलरवर घासून मागचा टायर मधोमध सपाट झालाय, खाली काळी भुकटी. हा टायर आता पडवीचाच. घाटासाठी नवा.

२४ ऑगस्ट

आठवड्याची घडी बसलीय. मंगळवारी आठ-आठ मिनिटांचे तीन जोराचे तुकडे, मध्ये चार मिनिटं सावकाश. गुरुवारी कमी वेगात जड गिअर, ताकदीसाठी. रविवारी दीड तास संथ, आणि तोच सगळ्यात अवघड. समोर भिंत, भिंतीवर कालनिर्णय. ऑगस्टमधले सगळे सण पाठ झालेत.

कंटाळा आला की एक आठवतं. लेफ्टनंट कर्नल भरत पन्नू यांनी २०२० च्या करोनाकाळात अमेरिका आडवी पार करण्याच्या शर्यतीची व्हर्च्युअल आवृत्ती ट्रेनरवरच पुरी केली, बाराएक दिवस. इथे दीड तासात मी भिंतीवरच्या पालीशी बोलायला लागलो.

२७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर

गणपती. सायकल मागीलदारी, फळी उभी करून भिंतीला. पडवीत आरत्या, माणसं, चपला. मोदक मोजले नाहीत.

१४ सप्टेंबर, रविवार

गिअर. मागची कॅसेट, म्हणजे दातेरी चकत्यांची चळत, ११-२८ होती, म्हणजे ११ ते २८ दात्यांची. घाटात माझा वेग ताशी ८ किलोमीटर धरला तर पुढे ३४ आणि मागे २८ दाते, म्हणजे ३४-२८ वर, पाय मिनिटाला ५१ फेरे. ते पायडल मारणं नाही, जिना चढणं आहे, आणि माझा डावा गुडघा जिन्याला आताच कुरकुरतो. ११-३२ लावली तर त्याच वेगाला ५९. वाटतात आठच, गुडघ्याला विचारा.

कॅसेट धरायला चेनचं हत्यार लागतं. जुन्या गंजक्या चेनचा तुकडा लोखंडी पट्टीला रिव्हेट करून घरीच केलं. कॅसेट धरून ठेवणारा लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरला आवळला. मग पुढची आणि मागची, दोन्ही सगळ्यात मोठ्या चकत्यांवर चेन टाकून पाहिली तर चेन तारेसारखी ताणली, चेन सरकवणारा डिरेलर पुढे ओढला गेला. बरं झालं, हाताने फिरवत होतो. जोराने असतं तर डिरेलर तुटून तारांत गेला असता. चेनची एक जोडी कडी वाढवली.

२१ सप्टेंबर

परत वीस मिनिटं. सरासरी १८३, म्हणजे १७४. वजन ७४.२. त्याच हवेवर, त्याच दोन फेऱ्यांवर. पंख्याचा वाटा त्यात किती आणि पायांचा किती, हे मला वेगळं काढता येत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

उघडीप. चार वर्षांनी रस्त्यावर. पहिले दोन किलोमीटर मी सायकल शिकणाऱ्या पोरासारखा चालवत होतो! जोर भरपूर, ताल नाही. पडवीत हँडल धरायचं काम नसतं, त्यामुळे एका हाताने बाटली काढताना गटाराकडे गेलो. ब्रेक कधी लावायचा याचा अंदाज गेलेला. उतारावर हात घट्ट. ट्रेनरने पाय दिले, बाकीचं रस्त्यालाच द्यावं लागेल.

२६ ऑक्टोबर

दिवाळी झाली, पाऊस जात नाही. झापं काढली होती ती परत बांधली.

१६ नोव्हेंबर, रविवार

सहाला निघालो. धुकं, गार हवा, अंगात पातळ जाकीट. शिरगावपर्यंत मुद्दाम संथ. पोफळीला थांबून एक केळं, जाकीट काढून पाठीला बांधलं, नाडी खाली येऊ दिली. मग घाट.

पहिली दहा मिनिटं ठरल्यापेक्षा जोरात गेलो, सगळेच जातात. मग ३४-३२ वर आलो आणि मोजायला लागलो, पडवीत मोजायचो तसं : आठ मिनिटांचा एक तुकडा, मग दुसरा. फक्त इथे मधली चार मिनिटं सावकाश जायला मिळत नाहीत. वळणावर आतल्या बाजूला चढ भिंतीसारखा; बाहेरून घ्यावं तर वरून ट्रक. एका वळणावर उठून चालवलं तेव्हा सायकल पायांखाली डावी-उजवी झुलली आणि त्या चेंडूंची आठवण झाली, कोपराचीही.

वरून दोन-तीन वळणं राहिली असतील. पुढे एक लांबलचक ट्रेलर वळणात अडकला होता, मागे एसटी, एसटीच्या मागे चार गाड्या, आणि बाजूला दरीच्या कठड्यापर्यंत वीतभरही जागा नाही. जिथे होतो तिथे थांबलो. पाय टेकला. पायात दम होता, श्वास चालू होता, नाडी १५१. सात मिनिटं उभा राहिलो आणि अंग गार पडत गेलं. एसटीतल्या एका आजींनी खिडकीतून राजगिऱ्याचा लाडू दिला.

मग उरलेला घाट चढलो. चालवण्याचा वेळ ५६ मिनिटं. वर टपरीवर दोन चहा, एक वडा. मागे वळून पाहिलं तर कोकण सगळं ढगाखाली, काही दिसत नव्हतं.

उतरताना रिम इतकी तापली की मध्ये दोनदा थांबून गार होऊ दिली.

घरी आल्यावर आईचा पहिला प्रश्न, "टेकलास का?" टेकला. १८ मेच्या नोंदीत मीच लिहिलंय. मुलगा म्हणाला, "बाबा, डेड बॉल धरायचा तो." चेंडूंच्या बाबतीत त्याचा शब्द या घरात शेवटचा मानायचा असं ठरलेलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

कामं : पुढचे ब्रेक शू झिजले, बदलले. तळाच्या संचातून जोर लावला की टक् असा आवाज येतो. क्रँकचा बोल्ट ढिला होता, आवळला, तरी थोडा आहे. पुढच्या रविवारी उघडतो. उजवे आटे उलटे.

ट्रेनर पुसून माळ्यावर. फळी मात्र खालीच राहिली. भात झोडून झालं, आणि पोती जमिनीच्या ओलीपासून वर ठेवायला आईला नेमकी पाच फुटी, पाण्याला न भिणारी फळी हवी होती. चार पोती चढवलीत. डुलायला लागली म्हणून दोन्ही बाजूंना पाचर मारून दिली.